रूफसच्या खोलीचा गिलावा

भिंतीवरचं सिमेंट पहिल्यांदा फुटलं तेव्हा आतून असा वास आला, जणू एखादं भिजलेलं कुत्रं शंभर वर्षं तिथे झोपून होतं. डॅड दोन पावलं मागे सरकला. मी नाक दाबून पुढे झाले, कारण मला आतल्या विटा बघायच्या होत्या. लाल, मऊ, हाताने थापलेल्या आणि ओल्याचिंब. बोट लावलं की बोटाला पाणी.

"डॅड, चोर सापडला!" मी ओरडले.

"कसला चोर?"

"सिमेंट! कुणा शहाण्याने सगळ्या भिंतींना सिमेंट फासलंय. ओल बाहेर जाणार कुठून? भिंतीला रेनकोट घालून आत शॉवर सोडलाय नुसता."

डॅड माझ्याकडे बघतच राहिला. हातातली छिन्नी त्याने उलटी धरली होती, ते मी त्याला सांगितलं नाही. "हे तुला कुणी शिकवलं?"

मिसेस डॉकरनी. त्या आमच्या लॉकच्या, म्हणजे कालव्यात बोटी वर-खाली करायच्या दरवाजांच्या, खालच्या अंगाला बांधलेल्या बोटीत राहतात. वय एक्याऐंशी, तोंडात कायम पेपरमिंट. त्यांचे वडील कालवा कंपनीचे गवंडी होते, आणि त्यांना मुलगा नव्हता, म्हणून घमेली उचलायला हीच पोर. मी रोज शाळेतून येताना त्यांच्या बोटीच्या टपावर बसायचे आणि प्रश्न विचारून विचारून त्यांचं डोकं खायचे. "तुझं तोंड आहे की लॉकचा दरवाजा?" त्या म्हणायच्या. "उघडला की पाणी संपेपर्यंत बंद होत नाही."

आमचं घर लॉक राखणाऱ्याचं. कालवा खोदणाऱ्यांना पूल बांधता येत होते, घरं बांधता येत नव्हती. म्हणून त्यांनी चार भिंतींवर एक पूलच ठेवून दिला. छप्पर अर्ध्या पिंपासारखं गोल. दोन वर्षांपूर्वी डॅडने ते लिलावात घेतलं, तेव्हा मॉम म्हणाली होती, "क्लाइव्ह, तुला साधी फळी भिंतीला ठोकता येत नाही." ते खरं होतं. डॅड पार्सलांची गाडी चालवतो. पण घराला रस्ता नाही, पुलापासून अर्धा मैल कालव्याकाठची पायवाट, आणि घर सरकारच्या वारसा यादीत, काही बदलायचं तर परवानगी. कारागीर एकदा येऊन बघायचे, मान हलवायचे आणि परत फोन उचलायचे नाहीत. तेव्हा जे करायचं ते आपणच.

डिसेंबरात रूफसची छाती भरली. माझा भाऊ सहा वर्षांचा, दमेकरी. त्याच्या उशीमागच्या भिंतीवर काळी बुरशी आली होती, मॉम ती रोज पुसायची आणि ती रोज परत यायची. नऊ दिवस तो हॉस्पिटलात होता. तिथून मॉम त्याला घेऊन सरळ रेडिचला मावशीकडे गेली. जायच्या आधी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ती डॅडला म्हणाली, "एक खोली. मला महाल नकोय. एक कोरडी खोली, जिथे माझं पोर श्वास घेऊ शकेल. मार्चात मदरिंग संडेला मी बघायला येईन. कौन्सिलने देऊ केलेल्या सरकारी फ्लॅटचं हो की नाही मला त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगायचंय. ते थांबणार नाहीत."

"आणि खोली झाली तर?"

"तर आम्ही घरी येऊ. नाही झाली, तर मी सही करीन. मग परत परत ये-जा नाही, क्लाइव्ह. त्याला एकच घर हवं."

मला तिने विचारलं, तू येतेस? मी म्हटलं, मी डॅडला मदत करते. मॉमला ते आवडलं नाही. पण माझी शाळेची बस पुलावरूनच सुटते, त्यामुळे तिला जास्त काही बोलता आलं नाही.

आता मी शाळेत कशी होते ते सांगते. चौदा वर्षं मी अशी मुलगी होते जिचं नाव हजेरीत घेताना बाईंना वर बघावं लागायचं, आलीय का नाही म्हणून. जानेवारीत इतिहासाच्या तासाला प्रत्येकाला पाच मिनिटं बोलायचं होतं. मी चुन्यावर बोलले. कळीच्या चुन्यात पाणी टाकलं की तो कसा उकळतो, बकरीचे केस मिसळले की गिलावा कसा धरून राहतो, भिंत कशी श्वास घेते. वीस मिनिटं झाली, घंटा झाली, कुणी उठलं नाही. मागच्या बाकावरची टॅन्सी मोठ्याने म्हणाली, "ब्रायनी ब्लाइथ बोलते?" सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. त्या दिवसापासून मला आवाज फुटला तो फुटलाच. घरी आले की डॅड विचारायचा, "बॉस, आज काय करायचं?" आणि मी सांगायचे! चाळीस वर्षांचा माणूस माझं ऐकून घमेलं उचलायचा. तुम्ही पंधरा वर्षांचे असाल तर तुम्हाला कळेल, ह्यापेक्षा मोठं काही नसतं.

सहा आठवडे आम्ही सिमेंट काढलं. प्रत्येक पोतं पायवाटेवरून ढकलगाडीने पुलापर्यंत. माझ्या तळहातांना भेगा पडल्या, त्यात चुना जाऊन इतकं झोंबायचं की मी पेन धरताना शिव्या द्यायचे. मग विटांना वारा दिला. मग गुरमाळ्याने, म्हणजे गिलावा सपाट करायच्या फळीने, पहिला थर, मग दुसरा. मिसेस डॉकर दाराशी खुर्ची टाकून बसायच्या.

"गुरमाळा असा दाबू नकोस, भिंत आहे ती, कणीक नाही."

"मिसेस डॉकर, तुम्ही एकदा तरी चांगलं म्हणा ना!"

"म्हणीन. पन्नास वर्षं टिकलं की म्हणीन."

शेवटचा थर फेब्रुवारीच्या एका रविवारी लागला. त्या उठल्या, काठीने खोलीभर फिरल्या आणि म्हणाल्या, "आता नीट ऐक. चुना वाळवायचा नसतो, पोरी. पिकवायचा असतो. त्याला हवा लागते आणि ओल लागते, महिनाभर. ओलं गोणपाट टांगून ठेव. दिवसातून तीनदा पाणी शिंपड. तो पांढरा पडायची घाई करू लागला, तर त्याला पाणी पाज."

"आणि गारठा पडला तर?"

"गोणपाटावर घोंगड्या. खिडक्या बंद. बाकी हात लावायचा नाही." मग शुक्रवारी त्या पाच दिवसांसाठी मुलीकडे गेल्या, कुठलीशी डोळ्यांची तपासणी होती.

त्याच रात्री रेडिओवर सांगितलं, उणे सात. ओल्या चुन्यात पाणी गोठलं की गिलावा भिंतीवरच फुटतो, हे मला पाठ होतं. शनिवारी डॅड कामावर होता. मी सकाळी रूफसच्या खोलीत गेले तर गोणपाट खालच्या कडेला पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. दोन महिन्यांचं काम! मी घोंगड्या शोधल्या. दोन सापडल्या, भिंती चार. आणि मग मला ती कल्पना सुचली.

त्या खोलीच्या कोपऱ्यात लाकडं जाळायची लोखंडी शेगडी आहे. मी विचार केला, थंडीने गिलावा मरतो ना? मग ऊब द्यायची. आणि आत पाणीच उरलं नाही, तर गोठणार काय? इतकं सरळ, इतकं हुशार वाटलं ते मला! मी गोणपाटं ओढून काढली, शेगडी पेटवली आणि दुपारपर्यंत तिच्यात लाकडं कोंबत राहिले. बाहेर कालव्यावर बर्फाची साय धरली होती आणि मी आत टी-शर्टवर नाचत होते, खरंच नाचत होते. माझ्या डोळ्यांदेखत भिंत करडी होती ती फिकी झाली, फिकी होती ती पांढरी झाली.

चार वाजता डॅड आला. दारातच थांबला. "अरे! झालं की!"

"मी शेगडी पेटवली. सकाळपासून."

"माझी बॉस!" त्याने मला उचलून गरकन फिरवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुझी मॉम बघेल ना, तिचा विश्वासच बसायचा नाही."

सोमवारी भिंतीवर बारीक रेषा आल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मंगळवारी मी तळहात टेकवला तर तो पिठात बुडवल्यासारखा पांढरा झाला. बुधवारी मिसेस डॉकर परत आल्या. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, अंगठा गिलाव्यावर दाबला आणि तो नखापर्यंत आत गेला. मग बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. आवाज पोकळ आला.

"कुणी केलं?"

"मी. गोठेल म्हणून मी—"

"भाजलंस त्याला." त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. "पिकायच्या आधी त्याचं पाणी काढून घेतलंस. आता तो चुना नाही, भुकटी आहे. खरवडून काढ. सगळा."

"मग?"

"मग पुन्हा. ह्या गारठ्यात नाही, एप्रिल लागू दे. मे अखेर होईल."

"पण मॉम अकरा दिवसांनी येणारे!"

"मग तिला खरं सांग. खोली झाली नाही म्हण. तुझी आई आहे ती, तुला खाणार नाही."

"फ्लॅट थांबणार नाही, मिसेस डॉकर!"

त्यांनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "ती भिंतही थांबणार नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या संध्याकाळी डॅड आणि मी उकडलेले बीन्स टोस्टवर घालून खात बसलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ काट्याने एकच दाणा इकडून तिकडे ढकलत होता. "तू सांग, बॉस," तो शेवटी म्हणाला. "काढायचं का? तू म्हणशील तसं."

मला आजही वाटतं, तो म्हणाला असता, 'काढ', तर मी रडले असते, त्याच्यावर ओरडले असते, आणि दुसऱ्या दिवशी काढलं असतं. पण तो माझ्याकडे बघत होता, जसा वर्ग बघत होता. मी म्हटलं, "वरून चुन्याची सफेदी मारू. पातळ, चार हात. भुकटी धरून राहील."

"धरून राहील?"

"राहील."

मला माहीत होतं का? माहीत होतं. वरची साल धरली तरी मागे पोकळच राहणार, हे मला माहीत होतं. पण तोंडातून "राहील" इतक्या ठामपणे निघालं की दुसऱ्या क्षणी माझाच त्यावर विश्वास बसला.

चार हात मारले. खोली बर्फासारखी दिसायला लागली.

मदरिंग संडेला, म्हणजे मुलं आईला फुलं देतात त्या रविवारी, मॉम आणि रूफस चर्चमधून सरळ आले. रूफसच्या हातात डॅफोडिलच्या फुलांचा गुच्छ होता, त्याने तो मॉमला देऊन परत मागून घेतला होता. मॉम रूफसच्या खोलीत गेली, मध्यभागी उभी राहिली आणि डोळे मिटून तिने नाकाने खोल श्वास घेतला. डॅड आणि मी दारात, परीक्षेचा निकाल लागावा तसे.

"वासच येत नाही," ती म्हणाली. मग वळली. तिचा चेहरा मी डिसेंबरपासून इतका मऊ बघितला नव्हता. "क्लाइव्ह. तू खरंच केलंस रे."

"बॉसने केलं."

"हो का गं?" तिने माझा हात हातात घेतला आणि तळव्यावरच्या भेगांवरून अंगठा फिरवला. तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. "चिकन करपेल," मी म्हटलं.

रूफसचा पलंग भिंतीला लावलेला होता, त्यावर डायनोसॉरची रजई. आम्ही तिघे स्वयंपाकघरात बशा मांडत होतो. मॉम म्हणत होती, सामान आणायला मावशीची गाडी मिळेल, पडदे मात्र निळेच हवेत. डॅड हसत होता. आतून पलंगाच्या स्प्रिंगांचा आवाज येत होता, एक, दोन, तीन. "रूफस, उड्या मारू नकोस!" मॉमने सवयीने हाक दिली.

मग धप्प असा आवाज झाला. फार मोठा नाही. पिठाचं पोतं जमिनीवर टाकावं तसा.

खोलीत काही दिसेना. भिंतीचा दारापेक्षा मोठा तुकडा सुटून पलंगावर आला होता आणि धूळ गोल छपराला लागून परत खाली येत होती. तिच्यात रूफस बसला होता, पापण्यांपर्यंत पांढरा. आधी तो हसला. त्याला वाटलं, आपण काहीतरी भारी केलं. मग त्याने श्वास घेतला.

चुन्याची धूळ म्हणजे साधी धूळ नाही, ती डोळे आणि छाती भाजते. तीही माहिती मी वर्गात दिली होती.

निळा इनहेलर दोनदा, चारदा, सहादा. काही होईना. त्याच्या ओठांचा रंग बदलायला लागला आणि छातीतून शिटी वाजल्यासारखा आवाज यायला लागला. मॉम फोनवर ओरडत होती, "रस्ता नाहीये, पुलावर या, पुलावर!" डॅडने त्याला उचललं आणि पळत सुटला. अर्धा मैल. रविवार म्हणून गळ टाकून बसलेले लोक, त्यांच्या लांबच लांब काठ्या पायवाटेवर आडव्या. मी पुढे धावत होते, "काठ्या काढा! काढा!" म्हणत. एका म्हाताऱ्याला उठायला वेळ लागला तर मी त्याची काठी तुडवून मोडली. मागून डॅडच्या बुटांचा आवाज येत होता. रूफसचा आवाज येत नव्हता.

तो वाचला. हे आधी सांगायला हवं होतं कदाचित. दोन दिवस नळ्यांमध्ये, डोळे धुऊन धुऊन सुजलेले, पण वाचला.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर होतो. मॉमच्या केसांत अजून पांढरी भुकटी होती.

"कसं पडलं ते?" तिने विचारलं.

डॅड लगेच म्हणाला, "शेगडी मी पेटवली. लवकर वाळावं म्हणून. माझी चूक."

तो माझ्याकडे बघत नव्हता. गप्प बसले असते तर ते तिथेच संपलं असतं.

"खोटं बोलतोय," मी म्हटलं. "मी पेटवली. आणि मिसेस डॉकरनी सांगितलं होतं, काढून टाक. मी नाही काढलं. वरून रंग मारला. मला माहीत होतं, मॉम."

मला वाटलं, ती मारेल. मारावं, असंही वाटलं. ती डॅडकडे वळली.

"आणि तुला? तुला माहीत होतं?"

"तिने सांगितलं मला. मी तिला विचारलं, काय करायचं."

"तू तिला विचारलंस."

"तिला कळतं गं त्यातलं. माझ्यापेक्षा जास्त—"

"ती पंधरा वर्षांची आहे, क्लाइव्ह!" एक नर्स थांबली, मग पुढे गेली. मॉमने आवाज खाली आणला. "मी तुझ्याकडे एक गोष्ट मागितली. एक. आणि ती तू हिच्या डोक्यावर ठेवलीस. आता माझ्या पोरीला जन्मभर वाटणार, भावाला आपण जवळजवळ मारलंच होतं. भिंत गेली चुलीत. हे कसं भरून काढणार तू?"

"मॉम, मीच म्हटलं की—"

"तू थांब. तू काय केलंस ते तुला माहीत आहे, मला उगाळायची गरज नाही. मी ह्याच्याशी बोलतेय."

डॅडने गुडघ्यांवरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे बघत बसला. मॉम उठली, खिडकीशी गेली आणि तिथूनच तिने कौन्सिलला फोन केला. "हो," ती म्हणाली. "हो. आजच सही करते." मग पाठमोरीच मला म्हणाली, "तूही येतेयस. विचारत नाहीये मी."

पुढच्या शनिवारी मी माझं सामान घ्यायला घरी गेले. मॉम आणि रूफस पुलापाशी गाडीत थांबले, पायवाटेवर ती उतरली नाही. डॅडने तोंडाला फडका बांधला होता. उरलेल्या भिंती तो ओल्या करून करून काढत होता. मी बॅग खाली ठेवली, दुसरा फडका भिजवून बांधला आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. छिन्नी लागलीच नाही. फावड्याचं टोक घातलं की फळीच्या फळी सुटून यायची. लावायला नऊ दिवस लागले होते. अर्ध्या तासात सगळ्या विटा उघड्या झाल्या, आणि त्या अजूनही ओल्या होत्या.

"जा आता," डॅड म्हणाला. "ती थांबलीय."

"तू पुलापर्यंत ये ना."

"हे झाडतो आधी. धूळ आहे."

तो झाडू घ्यायला गेला तो बाहेर आलाच नाही. मी बॅग ढकलगाडीत टाकली, मग वाटलं, ढकलगाडी त्याला लागेल, म्हणून बॅग परत खांद्यावर घेतली. मिसेस डॉकर बोटीच्या टपावर होत्या. त्यांनी काठी थोडी वर उचलली. मीही हात वर केला.

गाडीत रूफसने विचारलं, "माझी खोली परत झाली?"

मॉमने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं. "मी बिघडवली ती. तुला लागलं ते माझ्यामुळे."

त्याचा आवाज अजून घोगरा होता. "डॅड तिथे एकटाच झोपणार?"

"हो."

मॉमने गाडी सुरू केली. पूल चढावाचा आहे, समोरून येणारं दिसत नाही, म्हणून तिथे हॉर्न द्यावा लागतो. तिने तो दिला, आणि आम्ही पलीकडे उतरलो.